दोन वेगळ्या माइल्स-तिकिटांवर मुंबई ते मेलबर्न

धाकटी बहीण मेलबर्नला असते. बाबांना घेऊन तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा क्रेडिट कार्डावर बरेच पॉइंट साठले होते. पण मुंबई ते मेलबर्न सलग दोन सीट एकाच विमान कंपनीच्या माइल्सवर (म्हणजे कार्डाचे पॉइंट वळवून मिळणाऱ्या, तिकिटासाठी वापरायच्या गुणांवर) काही केल्या मिळेनात. सिंगापूर ते मेलबर्न मात्र क्रिसफ्लायरच्या, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सच्या माइल्स योजनेच्या, कमी माइल्स लागणाऱ्या सेव्हर दरात दिसत होत्या, आणि मुंबई ते सिंगापूर दुसऱ्या एका कंपनीच्या माइल्सवर. मग दोन्ही टप्पे वेगवेगळे काढले.

कार्डावरचे पॉइंट एकदा माइल्समध्ये वळवले की परत मिळत नाहीत. त्यामुळे आधी सीट बघायची, मगच पॉइंट वळवायचे. माझ्या माइल्सवर बाबांचं तिकीट काढायला त्यांना आधी नॉमिनी म्हणून जोडावं लागलं. क्रिसफ्लायरमध्ये असे पाचच जण ठेवता येतात.

दोन पीएनआर म्हणजे दोन स्वतंत्र प्रवास. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि पुढचं चुकलं, तर पुढच्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. त्याच तिकिटात परतीचा प्रवास असेल तर तोही रद्द होऊ शकतो. म्हणून मी जाण्यायेण्याचे चारही टप्पे एकेरी काढले. माइल्समध्ये जाऊन-येऊन काढलं काय किंवा दोनदा एकेरी काढलं काय, हिशेब साधारण तोच येतो. आणि मध्ये तीन-चार तास नाही, अख्खी रात्र ठेवली. बाबा म्हणाले, "अगं, हॉटेलचा खर्च कशाला?" पण मेलबर्नचं तिकीट ऐनवेळी रोख पैशांत घ्यावं लागलं असतं, तर त्यापुढे हॉटेल काहीच नव्हतं.

खरा प्रश्न बॅगेचा. मुंबईत ती थेट मेलबर्नपर्यंत टॅग झाली नाही, तर सिंगापूरच्या पट्ट्यावर येणार, आणि पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन अशा ठराविक देशांचा किमान महिनाभर वैध व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळू शकतो. शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. शिवाय पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका.

बाहेर पडायचं म्हटल्यावर कस्टम्सही आलं. सिंगापुरात तोंडात धरायच्या तंबाखूवर बंदी आहे, ती नेणंही गुन्हा. बाबांची डबी कपाटातच राहिली. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, पण मी हटले नाही.

मुंबईच्या काउंटरवर अपेक्षेप्रमाणे अडलं. "मॅडम, सिंगापूरचा व्हिसा?" ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, त्यामुळे व्हिसा मंजुरीचं पत्र, पुढचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि ९६ तासांच्या नियमाचं सरकारी पान, सगळं छापून नेलं होतं. त्या मुलीने सुपरवायझरला बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटरवर नियम तपासला, पत्रावरची तारीख बोटाने दोनदा वाचली आणि मान हलवली. बॅगा मात्र सिंगापूरपर्यंतच टॅग केल्या. मोबाइल दाखवून भागलं असतंही, पण बाबांना रांगेत ताटकळत ठेवून बॅटरीच्या भरवशावर राहायची माझी तयारी नव्हती.

विमान चार तास उशिरा सुटलं. तीन तासांची गाठ ठेवली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. आम्ही पहाटे चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, उतरलो, बॅगा घेतल्या, दोन-तीन तास का होईना आडवे झालो आणि सकाळच्या विमानाच्या काउंटरवर वेळेत उभे राहिलो.

व्हीलचेअरबद्दल मुद्दाम सांगते. पहिल्या तिकिटावर नोंदवलेली व्हीलचेअर दुसऱ्या कंपनीला कळत नाही. जेवणाचंही तेच. दोन्हीकडे वेगळं सांगा आणि निघण्यापूर्वी परत विचारून खात्री करा. बॅगेचं वजनही दोन्ही तिकिटांत जे कमी, तेच धरून भरा. आमचा गोडा मसाला आणि मेतकूट त्या हिशेबात बसलं. मेलबर्नला उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर खाण्याच्या वस्तू आहेत असं लिहिलं, अधिकाऱ्याने पिशवी उघडून पाहिली आणि जाऊ दिलं.

परतीला मेलबर्नच्या काउंटरवर दोन्ही तिकिटं पुढे ठेवून विचारलं, बॅगा थेट मुंबईला जातील का? दोन्ही कंपन्यांचा सामानाचा करार होता, त्यामुळे बाईंनी मुंबईचाच टॅग लावला. पुढचा बोर्डिंग पास मात्र चांगीच्या ट्रान्सफर काउंटरवर घ्यायला सांगितला. इमिग्रेशन ओलांडावंच लागलं नाही. तरीही मधला वेळ मी आठ तासांचा ठेवला होता, आणि पुढच्या खेपेलाही तेवढाच ठेवणार आहे.