मामांची कल्हई

"काय गं, औंढ्याला ते लहरी पकडायचं यंत्र व्हायलंय, तू बी त्यातच हाईस का?"

दिवाळीला गावी गेलं की मामांचा हा प्रश्न ठरलेला. आम्ही हिंगोलीकडचे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने लायगो-इंडियाला, म्हणजे लेझर आणि आरशांनी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या यंत्राला, 2600 कोटी मंजूर केले, तेव्हापासून फिजिक्समध्ये पीएचडी करणारी भाची औंढा नागनाथलाच असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.

"नाही मामा, मी स्टीलच्या पट्टीवर थर देते."

आमच्या डिपार्टमेंटमध्ये कृष्णविवरावाले एकच सर. त्यांना फळा आणि कॉम्प्युटर पुरतो. बाकी मजलाभर थिन फिल्म, म्हणजे पातळ थरांचं काम. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तर या कामाची जुनी परंपरा आहे. कारण उघड आहे, महागडं व्हॅक्यूम नसलं तरी बीकरमध्ये फिल्म बनते. शेजारची लॅब झिंक ऑक्साइडचे गॅस सेन्सर करते: हवेतला ऑक्सिजन फिल्मला चिकटून तिचे इलेक्ट्रॉन अडकवतो, ज्वलनशील वायू आला की त्या ऑक्सिजनशी त्याची रिअ‍ॅक्शन होते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रेझिस्टन्स पडतो.

माझा विषय सुपरकपॅसिटर, म्हणजे झटपट चार्ज होणारं वीज साठवायचं साधन; मटेरियल मँगनीज डायऑक्साइड. पद्धतीचं नाव सायलर, पण प्रत्यक्षात चार बीकर. पहिल्यात मँगनीज सल्फेट, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात पोटॅशियम परमँगनेट, चौथ्यात परत पाणी. (परमँगनेटचा फोटो बघून मामा म्हणाले, "हे तर विहिरीत टाकायचं जांभळं औषध!" तेच.) प्रत्येकात पट्टी वीस सेकंद धरायची. असं शंभर वेळा. पट्टी हळूहळू तपकिरी होत जाते आणि मोजणी हमखास चुकते. शेवटी आजीची जपमाळ घेऊन बसले. म्हणून माझ्या वहीत 108 सायकल आहेत. जवळजवळ अडीच तास. सरांनी विचारलं, "108 का?" कारण सांगितलं तर हसले, म्हणाले, "आकडा लिही, कारण लिहू नकोस."

कागदावर मँगनीज डायऑक्साइडची चार्ज साठवायची क्षमता ग्रॅममागे सुमारे 1370 फॅरड. हातात येते त्याच्या अंशभर, कारण त्यातून वीज नीट वाहत नाही आणि काम करतो तो वरचाच पापुद्रा. थर जाड केला की वजन वाढतं, पण चार्ज त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून पातळ. एक्सआरडीला (एक्स-रे टाकून पदार्थ ओळखायची तपासणी) दिलं तर ग्राफवर उंच पीक सगळे स्टीलचे, आमच्या फिल्मचा नुसता फुगवटा. तो फुगवटा फिल्मचाच आहे हे पटवून देण्यात माझं एक सेमिस्टर गेलं.

आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी अख्खी बॅच सोलून निघाली. शेवटच्या धुण्यात तपकिरी पापुद्रे पाण्यावर तरंगत होते. तोंड पाडूनच गावी आले होते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे कल्हईच की!"

आधी मला जरा लागलं. पण मनात म्हटलं, खरंच की. तांब्याच्या भांड्यावर कथलाचा पातळ थर. फरक एवढाच, की कल्हईवाला नवसागराने भांडं साफ करून फडक्याने एका फेरीत उरकतो.

मग मीही सांगितलं, औंढ्याचंही शेवटी कल्हईवरच येतं. लायगोचे आरसे चाळीस किलोचे, शुद्ध सिलिकाचे, पण प्रकाश परतवते ती त्यांच्यावरची फिल्म. सिलिका आणि टँटलम ऑक्साइडचे एकाआड एक थर, सगळे मिळून काही मायक्रॉन. त्या थरांतले अणू उष्णतेने थरथरतात, आणि शंभर हर्ट्झच्या आसपास ती थरथरच यंत्राच्या कानाला आड येते. आता त्याहून शांत थर शोधणं हा जगभर चाललेला विषय आहे. ते थर निर्वातात आयनांचा मारा करून देतात. माझ्या बीकरचं तिथे काही काम नाही, हेही मामांना सांगून टाकलं. उगाच गावभर व्हायचं.

मामा थोडा वेळ गप्प. मग, "तुझी कल्हई निघाली कशी पण? पट्टी घासली नव्हतीस?"

घासली होती, झिरो पेपरने, घाईत. अल्ट्रासोनिकला (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्राला) मात्र लावली नव्हती, त्यासाठी रांग होती.

"नवसागर कमी पडला," मामा म्हणाले आणि चकलीचा डबा पुढे सरकवला.