न झालेली ट्रिप

"तुम्ही डेस्कवर असलात ना मॅडम, की मी रात्री निवांत झोपतो."

मी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये डेस्कवर बसून शिफ्ट सांभाळते. साहेब हे मनापासून म्हणाले. अप्रेझलला बोलावलं होतं आणि पहिलंच वाक्य हे. मी थँक्यू म्हटलं. मग प्लॅनिंगच्या जागेचा विषय मीच काढला, तर म्हणाले, "तुम्हाला तिकडे पाठवलं तर शिफ्ट कोण सांभाळणार?" हेही कौतुकानंच. केबिनच्या बाहेर येऊन जिना उतरेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही की मला नाही म्हणून झालंय.

तेव्हापासून ते बोलणं डोक्यातून जात नाही. नाइट करून आले की पडदे ओढून पडते आणि तेच सुरू होतं. कुणी रागावलं असतं, काम जमत नाही म्हणाले असते, तर भांडता आलं असतं. कौतुकाशी कसं भांडायचं?

जागा कुणाला गेली ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. हुशार आहे, कष्टाळू आहे, माझ्यानंतर आला असला तरी ती जागा त्याला शोभेल. त्याचं नाव झालं ते त्या ट्रिपच्या रात्रीनंतर. भर रात्री युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, आणि यानं उजाडायच्या आत पुन्हा ग्रिडला जोडलं. दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचे मेल, वरून फोन, नोटीस बोर्डावर नाव. बरोबरच आहे. गरम टर्बाइन परत फिरवून सिंक्रोनाइझ करणं, म्हणजे ग्रिडशी जुळवून घेणं, तेही व्हायब्रेशन आणि तापमानाच्या मर्यादा सांभाळून, हे येरागबाळ्याचं काम नाही. मीही त्याचा हात हातात घेऊन शाबासकी दिली होती.

पण त्याच सुमाराची माझी एक रात्र मला विसरता येत नाही. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड पंपाच्या (बीएफपी) एका बेअरिंगचं तापमान चढत होतं. अलार्म वाजला नव्हता, अलार्मच्या आकड्यापासून ते बरंच लांब होतं. ट्रेंडची रेघ फक्त जितकी आडवी असायला हवी तितकी आडवी नव्हती. लोड तोच, ल्युब ऑइलचं प्रेशर तेच, कूलिंग वॉटरही तेच. मग ही का चढतेय? फील्ड ऑपरेटरला खाली पाठवलं. तो फोनवर म्हणाला, आवाज जरा घोगरा येतोय मॅडम. लोड थोडा उतरवला, स्टँडबाय पंप घेतला, पाण्याचा फ्लो स्थिरावू दिला आणि मग तो पंप बंद केला. नंतर मेंटेनन्सवाल्यांनी बेअरिंग उघडलं तर आतला व्हाइट मेटल, म्हणजे मऊ धातूचं अस्तर, पुसला गेला होता. तो पंप पूर्ण लोडवर जाग्यावर बसला असता आणि दुसऱ्यानं वेळेवर उचललं नसतं, तर बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल बघता बघता खाली येऊन बॉयलर गेला असता.

लॉगबुकात मी लिहिलं: "बीएफपी बी बंद, सी सर्व्हिसमध्ये. बी चं बेअरिंग तपासणे." सकाळी रिलिव्हरला चार्ज दिला, पंपाचं तोंडी सांगितलं आणि घरी आले. संपलं. त्या रात्रीबद्दल मेल तरी काय जाणार? काहीच झालं नव्हतं.

इथेच माझं गाडं अडतं. आमच्या कामात चांगलं काम म्हणजे काही न होणं. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेत गुमान फिरतंय, फ्रिक्वेन्सी ५० च्या आसपास आहे, घराघरात दिवे आहेत, तोवर आमच्याकडे बघायचं कारण कुणालाच नसतं. बिघडलं आणि सावरलं तर ते दिसतं. बिघडूच दिलं नाही तर ते दिसणार कसं? आणि बढती तर दिसणाऱ्याची होते.

सेफ्टीच्या ट्रेनिंगला पायपर अल्फाची गोष्ट असतेच. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म, १६७ माणसं गेली. दिवसपाळीनं एका कंडेन्सेट पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी नुसतं झाकण बसवलं होतं. पंप सुरू करू नये असा कागद होता, पण ती गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचलीच नाही. रात्री दुसरा पंप ट्रिप झाला आणि त्यांनी हा सुरू केला. पुढे लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून १९९० मध्ये १०६ शिफारशी आल्या. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, आणि चार्ज देण्या-घेण्याबद्दल आम्ही आज जे काटेकोरपणे पाळतो, त्यातलं कितीतरी तिथून आलंय.

ट्रेनिंगमध्ये सगळे स्फोटाचा व्हिडिओ बघतात. मला प्रत्येक वेळी संध्याकाळचा तो चार्ज दिसतो. पाळी बदलताना कुणी अर्धा मिनिट थांबून म्हणालं असतं, त्या पंपाला हात लावू नका रे, त्याचा व्हॉल्व्ह काढलाय. बस. मग ६ जुलै हा इतर दिवसांसारखाच एक दिवस राहिला असता, आणि ते सांगणाऱ्याला कुणी शाबासकी दिली नसती, कारण त्यानं काय वाचवलं हे त्यालाही कळलं नसतं. असं अर्ध्या मिनिटाचं बोलणं आमच्याकडे रोज होतं. प्रत्येक पाळीला.

अप्रेझलच्या फॉर्मवर मात्र रकाना आहे: या वर्षातली ठळक कामगिरी. मी कितीतरी वेळ त्या रकान्यापुढे बसून होते.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची ती विभागणी रुजवली होती ना, वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०. आकडे बदलले तरी तीच पद्धत किती कंपन्यांनी उचलली. मी कायम मधल्या सत्तरातली. वाईट कधीच नाही, ठळकही कधीच नाही. आणि रात्री-अपरात्री, सणावाराला, कुणाच्या घरी आजारपण असताना युनिट चालतं ते याच सत्तरांच्या जिवावर. एकीकडे मला मधलं म्हणायचं आणि दुसरीकडे मला हलवलं तर शिफ्ट कोलमडेल म्हणायचं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

मी बाई आहे म्हणून असं झालं का, हाही प्रश्न मनात येऊन गेला. पहिल्यांदा नाइट मागितली तेव्हा कोण काय बोललं होतं, सगळं आठवतंय. पण तो विषय आज नको. बाबांना काय सांगायचं तेही अजून ठरवलेलं नाही. ते विचारतीलच.

परवाच्या नाइटला मनात हेच सगळं घेऊन बसले होते. शेजारी आमचा नवा मुलगा. वाफेचा फ्लो मोजणारा ट्रान्समीटर दुरुस्तीला गेलेला, म्हणून बॉयलरच्या पाण्याचा, म्हणजे फीडचा, कंट्रोल मॅन्युअलवर आणि मॅन्युअलवर तो. ग्रिड सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅचचा फोन आला, फ्रिक्वेन्सी पडतेय, लोड वाढवा. लोड वाढवला तशी ड्रमची लेव्हल झपकन वर आली. पोराचा हात लगेच फीड कमी करायला गेला.

"थांब," म्हटलं. "ही लेव्हल खरी नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. समोर आकडा चढताना दिसतोय आणि मॅडम खरी नाही म्हणतायत. "वाफ जास्त ओढली, म्हणून ड्रमचं प्रेशर पडलंय. प्रेशर पडलं की पाण्यातले बुडबुडे फुगतात. पाणी वाढलेलं नाही, उलट कमी होतंय. आत्ता फीड कमी केलंस तर थोड्या वेळात लेव्हल अशी कोसळेल की सावरता येणार नाही. लोड किती वाढलाय ते बघ आणि त्या मानानं पाणी दे." त्यानं हात आवरला. दोघंही स्क्रीनकडे बघत राहिलो. लेव्हल थबकली, मग उतरायला लागली, आणि यानं न सांगता फीड वाढवत नेलं. लेव्हल जागेवर आली तेव्हा केवढा मोठा श्वास सोडला त्यानं! लगेच खिशातली छोटी डायरी काढून तारीख घालून लिहायला बसला. त्या सगळ्या वेळात मला प्लॅनिंगची जागा एकदाही आठवली नव्हती, हे मागाहून जाणवलं.

मला डेस्क आवडतो. हे कबूल न करता नुसती रडत बसले तर ते खोटं होईल. अंधारात शंभर आकडे बोलत असतात आणि त्यातला कुठला आपल्याशी बोलतोय ते ओळखायचं, यासारखं काम मला दुसरं माहीत नाही. मला कुठे जायचंय यापेक्षा इथे जे केलं त्याला नाव मिळावं, हेच बहुधा जास्त हवं आहे. तसं पाहिलं तर साहेबांचा आता राग येत नाही. त्यांनाही वरून कुणी एवढंच विचारत असेल, युनिट चालू आहे ना?

पण पहाटे त्या मुलानं विचारलं, "मॅडम, पुढे जायचं असेल तर शिफ्टमधून लवकरात लवकर बाहेर पडायचं, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?"

त्याला खोटं सांगवलं नाही. म्हटलं, दिसतं तर तसंच. पण आधी हे शीक. मनात मात्र चर्र झालं. शिकलेला प्रत्येक जण इथून पळायचं बघणार असेल तर ड्रमची खोटी लेव्हल पुढच्या पोराला कोण ओळखून दाखवणार? माझ्या बढतीपेक्षा मला आता याची जास्त काळजी वाटते, आणि साहेबांना पटवायचं तर हेच सांगून पटवता येईल.

अर्ज लिहायला घेतलाय. प्लॅनिंगसाठी नाही, ती जागा भरली. ओव्हरहॉलनंतरचं लाइट-अप, म्हणजे बॉयलर पुन्हा पेटवणं, या मुलाला करू द्यावं, मी मागे उभी राहीन. तो तयार झाला की मला शिफ्टमधून मोकळं करावं, आणि कधी ते तारखेसह लेखी द्यावं. शिफ्टच्या कामाला अप्रेझलमध्ये वेगळा रकाना असावा, हेही त्यात घातलंय. सोबत त्या रात्रीच्या लॉगबुकच्या पानाची प्रत आणि बेअरिंगचा ट्रेंड जोडते आहे. मेंटेनन्सचा रिपोर्टही मागितलाय, गुरुवारपर्यंत देतो म्हणालेत.