तुम्ही विचारलंत म्हणून: त्या घरचा प्रसाद

गणपती जवळ आले की वाडीतलं कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "ताई, त्या घरी आरतीला गेलो तर प्रसाद घ्यायचा काय?" त्या घरी, म्हणजे जिथे कुणाला एचआयव्ही असल्याची कुजबुज आहे तिथे. मी गावची आशा, म्हणून मलाच विचारतात.

ते घर कुठलं, यावर मी बोलत नाही. कुणाला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. प्रसादाचं मात्र सांगते: घ्या. मोदक घ्या, काळ्या वाटाण्याची उसळ घ्या, पंगतीला बसा. उष्ट्यातून, घामातून, विहिरीच्या पाण्यातून किंवा डास चावून एचआयव्ही होत नाही.

मला घोर असतो तो मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचा. सणाला घर माणसांनी भरलेलं, पडवीत ओळीने अंथरुणं. त्यांत ज्याला एचआयव्ही आहे त्याने रोजची गोळी घ्यायची कुठे? "कसली रे गोळी?" हे कुणी विचारू नये म्हणून काहीजण डबीच आणत नाहीत. गोळ्यांत खंड पडला की विषाणू परत वाढतो, पुढे औषधाला दाद देईनासाही होतो. उलट रोज गोळी घेऊन तपासणीत विषाणू सापडणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आपण पंगतीत कुजबुजतो आणि तिकडे त्याची गोळी चुकते. लागण वाढते ती अशाने.

या गोळ्या २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्रांत, मोफत मिळतात. रजा वाढली, गोळ्या संपत आल्या, तर आपलं एआरटीचं पुस्तक घेऊन इथल्या जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात जा. खलाशांनीही बोट सुटण्याआधी पुरेशा गोळ्या सोबत घ्याव्यात.

आपण स्वतःला कसं जपायचं, हे मात्र मला क्वचितच कुणी विचारतं. विचारायला हवं ते हेच. निरोध वापरा. सुई दरवेळी नवी आहे ना, बघा. धोका झालाय असं वाटलं तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येते, जितकं लवकर जाल तितकं बरं. आणि सून गरोदर असेल तर तिची तपासणी पहिल्या महिन्यांतच करून घ्या, सोबत तिच्या नवऱ्याचीही. आईला वेळेत औषध सुरू झालं तर बाळ बहुतेक वेळा सुखरूप राहतं. तपासणी मोफत आहे, निकाल गुप्त राहतो. एकटं जायला अवघड वाटत असेल तर मला सांगा, मी बरोबर येते.