पॅन्टच्या खिशातली पट्टी

रविवार, १६ नोव्हेंबर

काल दुपारी पोराची पॅन्ट भिजवायच्या आधी सवयीनं खिसे पाहिले. एसटीचं तिकीट, दोन रुपयांचं नाणं आणि गोळ्यांची पट्टी. दहातल्या चार गेलेल्या. चष्मा लावून नाव वाचलं. मोडाफिनिल.

तो नागपूरला नीटच्या रिपीटर बॅचमध्ये आहे, दोन दिवसांसाठी घरी आलाय. ज्यांना दिवसा अनावर झोप येण्याचा आजार असतो त्यांच्यासाठीची ही गोळी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायला नको. मी ओरडले नाही. पट्टी त्याच्यासमोर ठेवली. त्यानंही लपवालपवी केली नाही. "झोप येत नाही त्यानं. रूमवर तिघंही घेतात. मी नाही घेतली तर मीच मागे राहतो नं आई."

मग म्हणाला, "तू दर सोमवारी वर्गात पोरांना निळी गोळी देतेस. बारावीत रात्री दोन वाजता काळा चहा तूच करून द्यायचीस. मग हिच्यात काय वेगळं आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात.

निळी गोळी म्हणजे लोह आणि फॉलिक अॅसिड. सातवीतली एक मुलगी आठवली. तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टाकायची. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरंफट्ट. जंताची गोळी, लोहाची गोळी, दवाखान्यात दोन चकरा. काही महिन्यांनी त्याच मुलीनं फळ्यावरच्या भागाकारात माझी चूक काढली. केवढा आनंद झाला होता मला! मिठातल्या आयोडीनचंही तेच. बाळ पोटात असताना आईला आयोडीन कमी पडलं तर त्याच्या मेंदूची वाढ खुंटते, म्हणून सारा देश आयोडीनचं मीठ खातो. तेव्हा बाहेरून काही देऊन डोकं चालतं करणं निसर्गाच्या विरुद्ध आहे, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

पण त्या मुलीचं डोकं चालू लागलं तेव्हा शेजारच्या बाकावरच्या कुणाचं काही गेलं नाही. मेडिकलच्या जागा मोजक्या. रूमवरच्या चौघांनी, साऱ्या बॅचनं, साऱ्या नागपूरनं गोळी घेतली तरी जागा एकानंही वाढायची नाही. रांग तीच राहील, फक्त सगळे जागे. आणि एकदा सगळे घेऊ लागले की न घेणाऱ्याला "नको" म्हणायची सोय उरत नाही. मला भीती त्याची वाटते.

हे मी घरातच पाहिलं आहे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, घरची सरकी राखायचे. पेरणीच्या आदल्या दिवशी ती शेण-मातीच्या काल्यात हातानं चोळायचे, म्हणजे दाणा न् दाणा सुटा होतो. २००२ साली देशात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली. मामाजी तीन वर्षं थांबले. मग एक दिवस पाकिटं घेऊनच आले. "साऱ्या शिवारानं लावली, आपुनच काऊन मागं राहाचं?" पोरानं काल तेच वाक्य शहरी बोलीत म्हटलं.

बीटीनं सुरुवातीला बोंडअळी खरंच हटवली, ते नाकारणार नाही. पण बियाणं संकरित, त्यामुळे सरकी घरी राखून उपयोग नाही. दर मृगाला दुकान. पाकिटासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे साध्या अळ्याही जगतात आणि बीटी पचवणारी अळी एकटीच फोफावत नाही. आमच्या शिवारात ती पुडी कुणी लावल्याचं मला आठवत नाही. कडेच्या तासांत नुकसान कोण सोसणार? २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून बोंड चांगलं दिसायचं, फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळी पडलेली रुई. मामाजींनी अर्ध्या वावरातली पऱ्हाटी उपटून टाकली. पऱ्हाटी उपटता येते.

पोरानं बायोलॉजीचं ऐकवलं. चीनमधले शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. एचआयव्हीपासून बचाव व्हावा म्हणून तो बदल होता. पुढं त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, आणि गर्भातच केलेला बदल त्यांच्या लेकरांतही उतरू शकतो. अमेरिकेत आता गर्भाच्या बुद्धीचा अंदाज सांगून निवड करून देणाऱ्या कंपन्या आहेत म्हणे. गर्भ निवडणं आपल्याला नवं नाही. पोटातली मुलगी वाचावी म्हणून १९९४ साली कायदा करावा लागला.

माझ्या वर्गात सिकलसेलचा, रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, एक पोरगा आहे. दुखणं उठलं की गुडघे पोटाशी घेऊन व्हरांड्यात पडून राहतो. मी पाठीवर हात फिरवते, पाणी पाजते, त्याच्या मायला फोन लावते. जनुकं कापणाऱ्या क्रिस्पर तंत्रावर आधारलेला सिकलसेलचा उपचार २०२३ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, तेव्हाच्या हिशेबानं अठराएक कोटी रुपये. आमचं अख्खं गाव विकलं तरी तेवढे यायचे नाहीत. एका लेकराचं दुखणं थांबवायला एवढा पैसा लागत असेल, तर विकत मिळणारी बुद्धी कुणाच्या पाळण्यात जाईल? त्या पाळण्यातली मुलं आणि हा पोरगा एकाच परीक्षेला बसतील आणि निकालाच्या दिवशी त्याला आपण सांगू, तुझी मेहनत कमी पडली. हे मला सहन होत नाही.

रात्री जेवताना पोराला एवढंच म्हटलं, "निळी गोळी मी वर्गातल्या साऱ्यांना देते. तुझी पट्टी तू कुणाला दाखवतही नव्हतास." तो ताटाकडे बघत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "चहाचं नाही सांगितलंस." चहाचं मला अजूनही नीट सांगता येत नाही. त्या रात्री त्याला झोपू द्यायला हवं होतं, हे मात्र कळतं.

पट्टी देवळीत ठेवली आहे. सहा गोळ्या. न्यायच्या की नाही ते त्यानं ठरवायचं, तो एकोणीस वर्षांचा आहे. डॉक्टरांकडे मात्र उद्या दोघं जाणार आहोत.

आज सकाळी वेचणीच्या बाया आल्या तेव्हा तो पडवीत बाजेवर गाढ झोपला होता, तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा. रात्री नऊपासून. बायांचा गलका सुरू झाला तशी मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी ओट्या कमरेला बांधल्या आणि हळूच मागच्या दारानं वावराकडे निघाल्या.