विनिपेगची ‘व्हेडेट’ : नकाशांसाठी उडालेले विमान

कॅनडातील विनिपेगच्या ‘रॉयल एव्हिएशन म्युझियम ऑफ वेस्टर्न कॅनडा’मध्ये विमाने पुष्कळ आहेत; मी मात्र गेलो तो ‘कॅनेडियन व्हिकर्स व्हेडेट’ पाहण्यासाठी. १९२४ साली प्रथम उडालेले आणि पाण्यावर उतरणारे हे दुपंखी विमान वनांची पाहणी, वणव्यांवर देखरेख आणि हवाई छायाचित्रण यांसाठी आखलेले होते.

समोर उभे राहिल्यावर आधी लक्षात येते ती इंजिनाची जागा. ते नाकावर नसून वरच्या आणि खालच्या पंखांच्या मध्ये उंचावर आहे आणि प्रोपेलर मागे फिरतो. त्यामुळे लाकडी होडीसारख्या धडाचे नाक मोकळे राहते आणि तिथे, वैमानिकाच्याही पुढे, एक उघडी बैठक आहे. कॅमेऱ्याला याहून निर्वेध जागा मिळणे कठीण. वाऱ्याचा मारा सोसणाऱ्याचे हाल वेगळे!

विमान सुमारे ५,००० फुटांवरून सरळ रेषेत नेत आणि ठरावीक अंतरावर समोर, डावीकडे व उजवीकडे अशी तीन तिरपी छायाचित्रे घेत. त्यांत क्षितिज दिसणे आवश्यक होते, कारण त्यावरून कॅमेऱ्याचा कल काढून छायाचित्रावर रेषांची जाळी बसवता येई आणि त्या जाळीच्या आधारे तळ्यांचे व नद्यांचे काठ नकाशावर उतरवले जात. डोंगराळ मुलखात ही पद्धत फसते. विनिपेग ज्या प्रांतात आहे त्या मॅनिटोबाच्या उत्तरेचा सपाट, तळ्यांनी भरलेला प्रदेश मात्र तिला पुरेपूर मानवला. विमानाला उतरायलाही तीच तळी उपयोगी पडत, अर्थात ती गोठेपर्यंतच.

मूळ विमानांपैकी एकही अखंड उरलेले नाही. येथील व्हेडेट ही स्वयंसेवकांनी सापडलेल्या अवशेषांच्या आधारे उभारलेली प्रतिकृती आहे, हे आधीच ठाऊक असलेले बरे. तरीही रचना समजून घेण्यास ती पुरेशी आहे.

संग्रहालय विमानतळाच्याच आवारात, वेलिंग्टन ॲव्हेन्यूवर असून टर्मिनलपासून चालत जाता येते, त्यामुळे पुढच्या विमानाला बराच अवकाश असल्यास ही भेट सहज जमते. मात्र हिवाळ्यात तेवढ्या अंतरासाठीही जाड कोट, टोपी आणि हातमोजे हवेतच. वार आणि वेळा संकेतस्थळावर पाहूनच निघावे. विमान आधी बाजूने आणि मग नाकासमोरून पाहावे. वेळ कमी असल्यास इतर दालने आवरती घ्यावीत.