मिठाची पिशवी

१७ मे, शनिवार

पहाटे शेड उघडली आणि दारातच थबकलो. वास. आगळाच्या पिंपातला कोकमाचा खारवलेला रस रात्रीत फसफसला होता, वर फेस आला होता. आंबटगोड, डोक्यात शिरणारा वास. दारू सोडून सहा वर्षं झाली, पण नाक काही विसरत नाही. दोन-तीन मिनिटं तरी मी त्या पिंपाशी उगाच उभा होतो. हे लिहून ठेवायला हवं.

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, रसात मीठ भरपूर पडलं तर आगळ वर्षभर टिकतं. कमी पडलं की मे महिन्याच्या उकाड्यात आंबायला वेळ लागत नाही. पिंपाचं काम काल ज्या गड्याकडे होतं, त्याला दारू सोडून चार महिने झालेत. मनात आलं ते वाईटच आलं. यानं मुद्दाम तर...?

आठ वाजता तो आला. मी काही बोललो नाही, फक्त त्याच्या जरा जास्तच जवळ जाऊन उभा राहिलो. तो दोन क्षण बघत राहिला आणि तोंड उघडून माझ्या तोंडावर श्वास सोडला. "घेवा वास. येता काय?"

"नाय रे," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आमची ही अशीच रोज दारात उभी राहायची. पुण्याहून मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलो त्यानंतरही वर्षभर. तेव्हा मला केवढा राग यायचा!

दुपारी टेंपो झाडायला घेतला तर सीटमागे मिठाची पिशवी. बाजारातून सामान मीच आणलं होतं, मीच उतरवलं होतं. मी दिलं तेवढं मीठ त्यानं घातलं, एवढंच. त्याची माफी मागितली. तो मान हलवून बिया वाळत घालायला गेला.

पूर्वी आमच्याकडे या बिया उकिरड्यावर जायच्या. आता वाडीतल्या बायका त्या फोडून मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, काढतात आणि त्याचे पैसे थेट त्यांच्या खात्यावर जातात. तिघींचे नवरे अजून पितात. गोव्याची बाटली इथे शहाळ्याइतक्या सहज मिळते, त्याला मी काय करणार?

या धंद्यातली मला सुचलेली बरी गोष्ट एकच: पुटाची वेळ. सालं दिवसभर उन्हात आणि संध्याकाळी मीठ घातलेल्या रसात. असं चार-पाच वेळा केलं की आमसूल काळंभोर होतं. सोडलेल्या माणसाला साडेसहा ते आठ ही वेळ फार जड जाते. तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल रसात असलेले बरे. कर्जासाठी बँकेत हे समजावत होतो तेव्हा साहेब घड्याळ बघत होते.

त्याचा पगार आजवर त्याच्या बायकोच्या हाती देत होतो. तिनंच सांगितलं होतं. मलाही एके काळी भाऊ एसटीच्या तिकिटापुरते मोजून पैसे द्यायचा, आणि उरलेली चिल्लर परत मागायचा. आज पाकीट त्याच्याच हातात ठेवलं. त्यानं न मोजता खिशात टाकलं.

आता नऊ वाजलेत. त्याच्या बायकोचा नंबर दोनदा काढला आणि फोन पालथा ठेवला.

पश्चिमेला ढग आलेत. पिंपातला रस ओतून टाकला, तरी शेडमध्ये वास आहेच. उद्या पिंप गरम पाण्यानं घासायचं, आणि पाऊस यायच्या आत सालांना अजून दोन पुटं द्यायची आहेत. तो सातला येतो म्हणालाय.