सादळू नये म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. मे महिन्यात देवगडला घरी गेले की पहिल्याच संध्याकाळी शेजारचे आबा खळ्यात येऊन बसतात आणि चहा अर्धा झाला की विचारतात, "बाय, तुझा ता नवा सोलर आमच्या कौलार कधी येतला?" मावशी हेच विचारते, शाळेतल्या मैत्रिणी हेच विचारतात, आता तुम्हीही विचारलंत. तारीख मला सांगता येत नाही. ती का सांगता येत नाही, ते मात्र कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. त्याने जुलैतली मिठाची बरणी पाहिलेली असते.

मी ज्या पदार्थावर काम करते त्याला पेरोव्हस्काइट म्हणतात. मुळात हे एका खनिजाचं नाव. ते १८३९ साली उरल पर्वतात सापडलं आणि लेव्ह पेरोव्हस्की या रशियन गृहस्थांचं नाव त्याला दिलं गेलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एदमाँ बेकरेल या एकोणीस वर्षांच्या मुलाला वडिलांच्या प्रयोगशाळेत दिसलं की द्रावणात बुडवलेल्या पत्र्यांवर उजेड पडला की वीज वाहते. या दोन गोष्टींची गाठ पडायला १७० वर्षं जावी लागली. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइटच्या घडणीचा, पण शिसं आणि आयोडीन असलेला पदार्थ सौर सेलमध्ये वापरला. पडलेल्या उन्हापैकी ३.८ टक्क्यांची वीज झाली आणि तो सेल काही मिनिटांतच निकामी झाला. आज प्रयोगशाळेतले असे सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. आज छपरांवर दिसणारे पॅनल ज्याचे असतात त्या सिलिकॉनला इथवर यायला १९५४ पासूनची कित्येक दशकं लागली.

सिलिकॉन असताना याची गरज काय, असा उपप्रश्न असतोच. सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांच्या वर भट्टी तापवावी लागते. आमचा पदार्थ शाईसारखा काचेवर पसरायचा आणि १०० अंशांच्या आसपास तापवायचा, झालं. त्याचा थर अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. पण मला स्वतःला पटलेलं कारण आमच्या घराचं छप्पर आहे. कोकणातलं घर माडा-फणसांच्या सावलीत असतं. कौलारू छपराची एक बाजू दक्षिणेला, तिच्यावरही दुपारी तीननंतर माडाची सावली. म्हणजे उन्हाची जागा मोजकी आणि जेवढी आहे तेवढ्यातून जास्त वीज निघायला हवी. नुसत्या सिलिकॉनला निसर्गाने २९ टक्क्यांच्या आसपास मर्यादा घातलेली आहे. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर दिला तर वरचा थर निळा-हिरवा उजेड घेतो, खालचा तांबडा आणि त्यापलीकडचा न दिसणारा. अशा जोड-सेलने प्रयोगशाळेत ३४ टक्के ओलांडले आहेत. २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने असे पॅनल गिऱ्हाइकाला विकायलाही सुरुवात केली. म्हणजे आबांचा सोलर जगात आलेला आहे. तो आमच्या कौलांवर टिकेल का, एवढाच प्रश्न उरला आहे, आणि माझं सगळं काम त्या एका प्रश्नात आहे.

हा पदार्थ सादळतो.

आमच्याकडे आगोटीला घरात काय धांदल असते ते तुम्हाला माहीत आहे. काजूगर पत्र्याच्या डब्यात, सोलं बरणीत, आंबापोळी कागदात गुंडाळून, माचीस चुलीजवळच्या फळीवर. तरी आषाढात मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, माचिशीची काडी नुसती घासली जाते. पेरोव्हस्काइट या सगळ्यांपेक्षा नाजूक आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही तो नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, पेटीलाच बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून बनवतो. त्या पेटीत पाण्याची वाफ दहा लाखांत एका भागाहूनही कमी ठेवावी लागते. देवगडला जुलैत हवेची आर्द्रता नव्वदीच्या आसपास असते.

एका जूनमध्ये भाच्यांना दाखवायला मी एक तुकडा घरी नेला होता. नखाएवढ्या काचेवरचा काळाभोर चौकोन, काचेच्या डबीत, डबीच्या झाकणाला भोवती चिकटपट्टी. त्यात शिसं आहे म्हणून डबी मुलांच्या हाती दिली नाही, पडवीतल्या खिडकीत उंचावर ठेवली. रात्रभर झड लागली होती. सकाळी पाहिलं तर चौकोनाचा काळा रंग उडून तो फिकट, धुरकट झालेला. पाणी त्याच्या स्फटिकांत जाऊन बसलं होतं. मला माहीत होतं की इथवर परत फिरता येतं, म्हणून डबी उघडून चुलीच्या उबेला ठेवली आणि तासाभरात बराचसा काळेपणा परत आला. मुलं हरखली. आई म्हणाली, पापड भाजल्यावर कुरकुरीत होतो तसंच की हे. अगदी तसंच. पण तिसऱ्या दिवशी सकाळी चौकोन हळदीसारखा पिवळा होता. शिशाचं आयोडाइड वेगळं झालं होतं आणि बाकीचं हवेत निघून गेलं होतं. मग कितीही ऊब द्या, तो पुन्हा काळा होत नाही. डबी तशीच बंद करून मी पुण्याला परत नेली, कारण त्यातलं शिसं विहिरीच्या आसपासही सांडलेलं मला चाललं नसतं. कौलांवरचा पॅनल फुटला तर हेच शिसं पागोळ्यांतून अंगणात येईल, म्हणून त्याला आतल्या आत धरून ठेवणारे थर शोधणं हाही आमच्या कामाचा भाग आहे. ही भीती आबांना मी कधी लपवलेली नाही.

त्या पिवळ्या चौकोनानंतर मी कामाची दिशा बदलली. उजेडातून थोडी जास्त वीज काढण्यामागे बरेच हुशार लोक लागले आहेत. मी बरणीचं झाकण शोधते. सेल दोन काचांमध्ये बसवला की समोरून आणि मागून पाणी येत नाही, ते काठावरून शिरतं. काठाला आम्ही ब्यूटाइल रबराची पट्टी देतो. सायकलची ट्यूब याच रबराची असते, कारण त्यातून हवा फार कमी पाझरते. पण दिवसा पॅनल तापतो, संध्याकाळी पावसाची सर आली की झटकन निवतो. काच, रबर आणि आतला थर वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आकसतात, आणि कुठेतरी डोळ्यांना न दिसणारी फट पडते. तेवढी पुरते.

पॅनलची एक जगभर मानलेली परीक्षा आहे: ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास. परीक्षा कडक आहे आणि अलीकडे काही पेरोव्हस्काइट सेल तिच्यातून उतरलेही आहेत. तरी १००० तास म्हणजे बेचाळीस दिवस. ज्या सिलिकॉनशी तुलना होते त्याची हमी पंचवीस वर्षांची असते, म्हणजे पंचवीस मिरग आणि पंचवीस वैशाख. शिवाय खारं वारं. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने पॅनल घेताना तिचा दाखला मागावा असं मी आवर्जून सांगते.

कारण आज बसवायचं तर सिलिकॉनच बसवा, माझ्या पदार्थासाठी थांबू नका. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. चांगल्या उन्हाला एका किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळी दिवसांत ते बरेच घटतात, पण ढगाळ उजेडातही थोडी वीज होते. पॅनलपेक्षा त्याच्या सांगाड्याकडे जास्त लक्ष द्या. साध्या लोखंडाला समुद्राकाठी चार वर्षांत गंज खातो, तेव्हा अॅल्युमिनियम किंवा चांगलं जस्त चढवलेलं लोखंड आणि स्टेनलेसचे बोल्ट घ्या. आणि एक गोष्ट विकणारे सहसा आपण होऊन सांगत नाहीत: बॅटरी नसलेलं, वीज मंडळाच्या तारेला जोडलेलं सोलर वीज गेली की स्वतःही बंद होतं. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ते तसं केलेलं असतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येऊन गेल्यावर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी छपरावर ऊन असूनही घरात अंधार राहतो. ज्यांना वादळाचीच काळजी आहे त्यांनी बॅटरीचा खर्च आधीच धरावा.

आता आबांच्या प्रश्नाकडे. दोन वर्षांपासून आमच्या खळ्याच्या कडेला मी एक छोटा मांडव उभा केला आहे. दक्षिणेकडे तोंड, सोळा अंशांचा उतार, त्यावर काचेत बंद केलेले सहा चौकोन, प्रत्येकाचा काठ वेगळ्या तऱ्हेने बंद केलेला. वीज मोजणारं यंत्र आपलं काम करतं, पण संध्याकाळी दिवा लावायच्या आधी आई छत्री घेऊन तिथे जाते आणि मला फोनवर रंग सांगते. पहिल्या वर्षी चतुर्थीपर्यंत सहापैकी पाच काठाकडून पिवळे पडले. यंदाच्या नव्या सहापैकी, चतुर्थीला मी घरी गेले तेव्हा, दोन पिवळे होते. आबा आधीच मांडवाशी उभे होते. चष्मा वर करून त्यांनी एकेक चौकोन पाहिला, मग मला म्हणाले, "चार काळे आसत अजून." मी म्हटलं, "आसत. पण दोन गेले, आणि ते का गेले ते अजून बघायचंय." दुसऱ्या दिवशी ते दोन चौकोन सोडवून मी पुण्याला आणले. एकाच्या काठाला खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचून राहतं तिथे, रबर काचेपासून सुटलं आहे. दुसऱ्याचा काठ मला शाबूत दिसतो. सध्या तोच सूक्ष्मदर्शकाखाली आहे.